पुण्याचे मालक, ब्लॅकबर्नचा संताप

१९ नोव्हेंबर २०१० या दिवशी पुण्याच्या वेंकीज समूहाने इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला. व्यवहार २ कोटी ३० लाख पौंडांचा, म्हणजे त्या वेळच्या दराने दीडशे कोटी रुपयांच्या वरचा. क्लबवरचं कर्ज पुन्हा वेगळं. प्रीमियर लीगमधला क्लब भारतीय मालकीचा होण्याची ही पहिलीच वेळ होती आणि हा मान कोंबड्या-अंड्यांच्या व्यवसायात मोठ्या झालेल्या एका पुणेकर कुटुंबाला मिळाला होता. आपल्याकडे त्याचं कौतुक झालं, ते स्वाभाविकही होतं. पण अठरा महिन्यांच्या आत रोव्हर्स प्रीमियर लीगमधून बाहेर गेले, साडेसहा वर्षांत तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरले आणि लँकेशायरमधल्या एका गावात ‘वेंकीज’ हे नाव घरोघरी संतापाने घेतलं जाऊ लागलं. कौतुकाची बातमी आपण वाचली; पुढची गोष्ट मात्र इथे फारशी कुणी सांगितली नाही. ती सांगायला हवी, कारण तिचं एक टोक पुण्यात आहे.

ब्लॅकबर्न हे मँचेस्टरच्या उत्तरेचं लाख-सव्वा लाख वस्तीचं गिरणगाव. त्याचं आणि आपलं नातं फुटबॉलपेक्षा जुनं आहे. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस बंद झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या आणि त्या पैशावर मुंबईत तेजी आली. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी लँकेशायरच्या गिरणी कामगारांना भेटायला मुद्दाम डार्वेनला गेले. डार्वेन ब्लॅकबर्नला लागूनच आहे. स्वदेशीच्या चळवळीने ज्यांच्या पोटावर पाय आला होता, त्यांच्याशी गांधीजी समोरासमोर बोलले आणि त्या लोकांनीही त्यांचं प्रेमाने स्वागत केलं. पुढे गुजरात आणि पाकिस्तानातून आलेली कुटुंबं याच गिरण्यांत कामाला लागली. गिरण्या बंद पडल्या, माणसं राहिली. आज गावातला मोठा हिस्सा दक्षिण आशियाई वंशाचा आहे.

गिरण्या गेल्यावर गावाला मिरवण्यासारखं उरलं ते रोव्हर्स. १८७५ साली स्थापन झालेला हा क्लब १८८८मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक. एफए कप त्याने सहा वेळा जिंकला. त्यातले पाच विजय १८८४ ते १८९१ या आठ वर्षांतले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र तो दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत रखडला. त्याला वर काढलं ते जॅक वॉकर या गावातल्याच माणसाने. वडिलांनी सुरू केलेला पत्र्याचा धंदा वॉकरनी पोलादाच्या मोठ्या उद्योगापर्यंत नेला, तो ब्रिटिश स्टीलला विकला आणि हाती आलेला पैसा लहानपणापासूनच्या आपल्या आवडत्या संघावर लावला. १९९१मध्ये त्यांनी क्लब ताब्यात घेतला. त्याच वर्षी लिव्हरपूलचे माजी मॅनेजर केनी डॅलग्लिश इथे मॅनेजर म्हणून आले. दुसऱ्या श्रेणीतला एक क्लब डॅलग्लिशना बोलावतो आणि ते येतात, हेच तेव्हा अनेकांना खरं वाटत नव्हतं. १९९२मध्ये रोव्हर्स वरच्या श्रेणीत गेले, ॲलन शिअररला विक्रमी किमतीत आणलं आणि तीन वर्षांत प्रीमियर लीग जिंकली.

तो शेवटचा दिवस, १४ मे १९९५, ब्लॅकबर्नमध्ये आजही तपशीलवार सांगितला जातो. रोव्हर्स ॲनफील्डवर लिव्हरपूलविरुद्ध आघाडीवर होते. शिअररने मोसमातला चौतिसावा गोल केला होता. मग लिव्हरपूलने बरोबरी साधली आणि अगदी शेवटी दुसरा गोल करून सामना जिंकला. रोव्हर्स हरले होते. पण तिकडे लंडनमध्ये वेस्ट हॅमने विजेतेपदाच्या शर्यतीतल्या मँचेस्टर युनायटेडला १-१ असं रोखलं होतं. ती बातमी मैदानात पोचली आणि हरलेला संघ विजेता झाला. ८१ वर्षांनी विजेतेपद आलं होतं.

वॉकर ऑगस्ट २००० मध्ये गेले. क्लबच्या ईवुड पार्क मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे. त्यांच्या मागे क्लब कुटुंबाच्या ट्रस्टकडे गेला. अध्यक्ष जॉन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढची दहा वर्षं काटकसरीने आणि डोकं शाबूत ठेवून चालवला. १९९९मध्ये खाली गेलेला संघ २००१मध्ये परत वर आला, २००२मध्ये लीग कप जिंकला, २००६मध्ये लीगमध्ये सहावा आला. आकाराने एवढ्या छोट्या गावाचा संघ वर्षानुवर्षं प्रीमियर लीगमध्ये टिकतो, हे इंग्लंडमध्ये आदराने पाहिलं जायचं. ट्रस्टला मात्र आता पैसा ओतायचा नव्हता. तो कित्येक वर्षं ग्राहक शोधत होता.

वेंकीजचा मार्ग वेगळा. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि भारतातल्या कुक्कुटपालनाला उद्योगाचं रूप दिलं. अंड्यांचा भाव दलालाने ठरवू नये, उत्पादकाने ठरवावा, यासाठी त्यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणलं. नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी त्यातूनच उभी राहिली. रोज अंडी खा म्हणणारी तिची जाहिरात दूरदर्शनच्या पिढीला पाठ आहे. १९९६मध्ये राव गेले. व्यवसाय त्यांच्या कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र वेंकटेश व बालाजी राव यांच्याकडे आला. तिघांनी तो वाढवला. फुटबॉल हा त्यांचा विषय नव्हता. क्लब घेतला तर वेंकीजचं नाव जगभर जाईल, हा हिशेब त्यांनी लपवून ठेवला नाही. धंद्याचा हिशेब म्हणून त्यात वावगं काही नाही. खेळातले व्यवहार कळणारं घरात कुणी नसल्यामुळे त्यांनी एका क्रीडा-विपणन कंपनीचा आणि इंग्लंडमधल्या एका मोठ्या फुटबॉल एजंटचा सल्ला घेतला. माझ्या मते इथेच पहिलं पाऊल चुकलं. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीवर ज्याचं पोट आहे, त्याच्या नजरेने क्लब चालवायचा म्हणजे सल्ला कुणाच्या फायद्याचा हे मालकाला कधीच नीट कळत नाही. त्या एजंटच्या मुलालाही नंतर संघात घेतलं गेलं. मुख्य संघाकडून तो एकही सामना खेळला नाही.

सुरुवात मात्र छान झाली. खरेदीनंतर दोनच दिवसांनी ईवुडवर ॲस्टन व्हिलाविरुद्ध सामना होता. नवे मालक प्रेक्षागृहात होते, रोव्हर्स २-० जिंकले, लोकांनी मालकांचं स्वागत केलं. त्यानंतर मँचेस्टर युनायटेडकडून ७-१ असा मार बसला. १२ डिसेंबरला बोल्टनमध्ये आणखी एक पराभव झाला आणि १३ डिसेंबरला मालकांनी मॅनेजर सॅम ॲलरडाइस यांना काढून टाकलं. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता. आदल्या मोसमात ॲलरडाइसनी त्याला दहावं आणलं होतं. उंच चेंडू आणि धसमुसळा खेळ यामुळे त्यांची पद्धत सगळ्यांना आवडायची नाही, पण कमी पैशांत संघ तगवण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. युनायटेडचे ॲलेक्स फर्ग्युसन यांनी हा निर्णय जाहीरपणे मूर्खपणाचा ठरवला. नव्या मालकांना संघ पहिल्या चार-पाचांत हवा होता.

ॲलरडाइसच्या जागी मोठं नाव येईल असं सगळ्यांना वाटलं. आले स्टीव्ह कीन, ॲलरडाइसच्याच हाताखालचे प्रशिक्षक. स्वतंत्र मॅनेजर म्हणून त्यांनी कधीच काम केलं नव्हतं, आणि मालकांना सल्ला देणारा एजंट हाच कीन यांचाही एजंट होता. आधी ते हंगामी होते. जानेवारीत त्यांना २०१३पर्यंतचा करार मिळाला. त्याच जानेवारीत क्लबने रोनाल्डिन्होला आणण्याची भाषा केली. रोनाल्डिन्हो ब्राझीलमध्ये फ्लामेंगोला गेला. विल्यम्स आणि त्यांचे सहकारी खेळाडूंच्या आणि मॅनेजरच्या निर्णयांतून बाजूला पडत गेले. फेब्रुवारी २०११मध्ये विल्यम्स बाहेर पडले, पाठोपाठ त्यांचे सहकारी टॉम फिनही गेले. क्लब चालवण्याचा अनुभव असलेली माणसं अशी एकेक करून दाराबाहेर झाली आणि त्यांच्या जागा कुणी भरल्या नाहीत. मैदानावरचे पराभव लोकांना दिसत होते. ही पोकळी फार थोड्यांना दिसत होती, आणि मला तीच सगळ्या घसरणीच्या मुळाशी दिसते.

पहिल्या वर्षी संघ वाचला. २२ मे २०११ रोजी, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, वुल्व्हजच्या मैदानावर ३-२ असा विजय मिळवून रोव्हर्स पंधरावे आले. हा विजय कुणी धोक्याचा इशारा मानला असता तर बरं झालं असतं. उन्हाळ्यात एकोणीस वर्षांचा फिल जोन्स दीड कोटी पौंडांहून जास्त किमतीला मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. तो क्लबच्याच अकादमीत वाढलेला, लोकांचा लाडका बचावपटू. हा पैसा संघ भक्कम करायला पुरेसा वापरला गेला नाही, अशी समर्थकांची पक्की समजूत झाली.

आणि राग रस्त्यावर आला. सप्टेंबर २०११मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्याआधी लोकांनी कीन यांच्या हकालपट्टीसाठी मोर्चा काढला. त्या दिवशी रोव्हर्सनी आर्सेनलला ४-३ हरवलं. मोर्चा काढणाऱ्यांनी मैदानात संघासाठी घसा कोरडा केला. या आंदोलनाचं हे वैशिष्ट्य ध्यानात ठेवायला हवं: खेळाडूंवर राग नव्हता, राग क्लब ज्या पद्धतीने चालत होता त्यावर होता. ‘कीन आउट’चे फलक स्टँडमध्ये कायमचे झाले. एकदा तर विमानामागे फलक बांधून ते मैदानावरून फिरवलं गेलं. याच सुमारास वेंकीजची एक जाहिरात आली. तिच्यात रोव्हर्सचे खेळाडू सामन्यापूर्वी ड्रेसिंग रूममध्ये वेंकीजचं चिकन खाताना दाखवले होते. पुण्यात कुणाला ती गंमतीची वाटली असेल. तळाशी असलेल्या संघाचे खेळाडू आपल्या रंगाच्या शर्टात चिकन विकताना पाहणाऱ्या ब्लॅकबर्नकराला ती अंगाला झोंबली.

ऑक्टोबरमध्ये लीगला आंतरराष्ट्रीय सामन्यांची सुट्टी होती. मालकांनी संघाला पुण्याला आणलं. ७ ऑक्टोबर २०११ रोजी बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात रोव्हर्स पुणे एफसीविरुद्ध मैत्रीचा सामना खेळले आणि ३-० जिंकले. प्रीमियर लीगचा संघ आपल्या शहरात येतो हा पुण्यातल्या फुटबॉलवेड्यांसाठी मोठा योग होता, आणि मालकांना आपल्या गावात आपला संघ दाखवावासा वाटणं मला समजतं. पण सरावाची सर्वाधिक गरज असताना हजारो किलोमीटरचा प्रवास करून येणारा संघ लँकेशायरमधून पाहिला, तर चित्र उलटं दिसतं. संघ मालकांकडे जातो, मालक मात्र संघाकडे येत नाहीत. कीन यांनाही महत्त्वाच्या बैठकांसाठी पुण्याला विमान पकडावं लागायचं.

२० डिसेंबर २०११. ईवुडवर बोल्टन. दोन्ही संघ तळाचे. बोल्टनने पूर्वार्धातच दोन गोल केले. त्यानंतर मैदानावर काय चाललंय याकडे घरच्या प्रेक्षकांचं लक्षच राहिलं नाही. संपूर्ण संध्याकाळ घोषणा फक्त कीन यांच्याविरुद्ध होत्या. याकुबूने एक गोल फेडला, पण सामना १-२ असा गेला आणि रोव्हर्स तळाला पोचले. कीन टचलाइनवर उभे होते. त्यांचं वय चव्वेचाळीस, बोलणं मवाळ, आणि त्यांची मुलगीही हे सगळं पाहणाऱ्या वयाची. त्या मोसमात त्यांच्या वाट्याला जी शिवीगाळ आली, ती कुठल्याही माणसाच्या वाट्याला येऊ नये. त्यांना अंगरक्षक ठेवावे लागले. समर्थकांच्या मागण्या बरोबर होत्या असं मला वाटतं, तरी एका माणसाचा रोजचा छळ हा त्या मागण्यांचा भाग कधीच होऊ शकत नाही, हेही इथेच म्हणायला हवं. कीन हे मूळ दुखणं नव्हतं. ज्यांनी त्यांना नेमलं ते पुण्यात होते, त्यांच्यापर्यंत आवाज पोचत नव्हता, म्हणून जो समोर दिसत होता त्याच्यावर सगळा राग निघाला.

याच सामन्यानंतर क्लबचे उपमुख्याधिकारी पॉल हंट यांनी मालकांना पत्र लिहिलं. कीन यांना हटवा, अनुभवी माणसांचं संचालक मंडळ नेमा, समर्थकांशी बोला, अशा आशयाचं ते कळकळीचं पत्र होतं. क्लब वाचवायचा असेल तर आता हाती वेळ थोडा आहे, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. कृती झाली नाही. वर्षाच्या अखेरच्या दिवशी, फर्ग्युसन यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, रोव्हर्सनी ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ३-२ हरवलं. तरुण ग्रँट हॅन्लीने निर्णायक गोल केला. खेळाडूंमध्ये जीव होता, एवढं त्या दुपारी सिद्ध झालं. पण हिवाळ्यात कणखर बचावपटू क्रिस सांबा रशियात अंझीकडे गेला आणि वसंतात पराभवांची माळ लागली.

७ मे २०१२, सोमवारची संध्याकाळ. ईवुडवर विगन. हरलं तर खेळ खल्लास. सामना सुरू झाल्यावर थोड्याच वेळात प्रेक्षागृहातून एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली गेली. तिच्या अंगावर रोव्हर्सचा निळा-पांढरा झेंडा पांघरलेला होता. काही क्षण ती हिरवळीवर इकडेतिकडे फिरली, मग तिला उचलून बाहेर नेलं. त्या रात्रीचं छायाचित्र जगभर गेलं आणि बाहेरच्या लोकांनी ते हसण्यावारी नेलं. ईवुडमध्ये हसायला जागा नव्हती. ८७व्या मिनिटाला विगनच्या अल्काराझने हेडरने गोल केला. अकरा वर्षांनी रोव्हर्स प्रीमियर लीगमधून बाहेर पडले. दुसऱ्याच दिवशी हंट यांचं डिसेंबरचं पत्र वर्तमानपत्रांत आलं, आणि नोकरी गेली ती हंट यांची. ज्याने वेळीच सावध केलं तो गेला. कीन पुण्याला जाऊन मालकांना भेटले आणि पदावर कायम राहिले.

पुढचं वर्ष, २०१२-१३, म्हणजे क्लब कसा चालवू नये याचा नमुना. जुलैमध्ये मालकांनी शेबी सिंग यांना ‘जागतिक सल्लागार’ नेमलं. ते मलेशियाचे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू आणि दूरचित्रवाणीवरचे समालोचक. समर्थकांच्या एका बैठकीत ते सांगून बसले की कीन लागोपाठ तीन सामने हरले तर त्यांना काढू, आणि एका ज्येष्ठ खेळाडूला त्यांनी ‘पेन्शनर’ म्हटलं. हे सगळं ध्वनिचित्रफितीतून बाहेर आलं. हडर्सफील्डसाठी गोल करणारा जॉर्डन ऱ्होड्स ८० लाख पौंडांना आणला गेला, तेवढं एक काम चांगलं झालं. सप्टेंबरअखेर संघ वरच्या क्रमांकांत असताना कीन यांनीच राजीनामा दिला. आपलं तिथे राहणं अशक्य झालं आहे, असं त्यांनी सांगितलं. ज्या माणसाला काढावं म्हणून वर्षभर गाव ओरडत होतं, तो शेवटी मालकांच्याच माणसांशी न जमल्यामुळे गेला.

मग हेनिंग बर्ग आले. १९९५च्या विजेत्या संघातला हा नॉर्वेजियन बचावपटू. लोकांना वाटलं, आपला माणूस आला. ५७ दिवसांत त्याला काढलं. दहा सामने, एक विजय. करारातली रक्कम द्यायची वेळ आली तेव्हा क्लबने न्यायालयात म्हटलं की ज्या व्यवस्थापकीय संचालकाने करार केला त्याला तसा अधिकारच नव्हता. न्यायाधीशांनी ते ऐकून घेतलं नाही आणि बर्ग यांना साडेबावीस लाख पौंड देण्याचा आदेश दिला. क्लबमध्ये नेमका निर्णय कोण घेतं, हे क्लबलाच न्यायालयात सांगता आलं नाही. चाहते दोन वर्षं हेच विचारत होते. बर्गनंतर मायकेल ॲपलटन ६७ दिवस टिकले. शेवटी अकादमीतल्या गॅरी बोयर यांनी संघ सावरला आणि तिसऱ्या श्रेणीत जाण्याची वेळ त्या वर्षी टळली.

नंतरची वर्षं भराभर सांगता येतील. उत्पन्न घटलं, खर्च तेवढा घटला नाही, आणि डिसेंबर २०१४मध्ये आर्थिक नियम मोडल्याबद्दल लीगने क्लबवर नवे खेळाडू घेण्याची बंदी घातली. ऱ्होड्स विकला गेला. शेजारचं बर्नली, पिढ्यानपिढ्यांचं वैर असलेलं, दोनदा प्रीमियर लीगमध्ये चढलं. आणि जून २०१६मध्ये ईवुडचे मालक मॅनेजर म्हणून कुणाला आणतात? ओवेन कॉइल यांना, ज्यांचं नाव बर्नलीला २००९मध्ये वर नेण्याशी जोडलेलं होतं. गावाशी बोलणारा एक जरी माणूस मालकांच्या जवळ असता, तर ही नेमणूक कशी घेतली जाईल हे त्याने फोनवर दोन मिनिटांत सांगितलं असतं.

या टप्प्यावर आंदोलनाची रीत बदलली. २०१६च्या नोव्हेंबरमध्ये समर्थकांनी ठरवलं: अठराव्या मिनिटाला आत यायचं, पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून बाहेर जायचं. १८ आणि ७५, क्लबचं जन्मवर्ष. जानेवारी २०१७मध्ये एफए कपात ब्लॅकपूल ईवुडवर आलं. ब्लॅकपूलचे चाहतेही आपल्या मालकांविरुद्ध, ऑयस्टन कुटुंबाविरुद्ध, लढत होते. दोन्ही गावांचे लोक एकत्र चालले. ऑयस्टन इंग्रज होते, तिथलेच होते. ब्लॅकबर्नच्या संतापाचं कारण मालकांचा देश होता असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा मोर्चा आठवावा. बहुतेकांनी मात्र शांतपणे तिकीट काढणं बंद केलं. एकतीस हजारांच्या मैदानात सरासरी साडेबारा हजारांच्या आसपास लोक येऊ लागले. मुलाला घेऊन जाणारा बाप आणि त्या बापाला पूर्वी घेऊन जाणारा आजोबा, अशा पिढ्यांची साखळी तुटत गेली. ती पुन्हा जोडायला खेळाडू विकत घेऊन चालत नाही.

७ मे २०१७ रोजी, विगनच्या त्या संध्याकाळनंतर बरोबर पाच वर्षांनी, रोव्हर्सनी ब्रेंटफर्डमध्ये ३-१ असा सामना जिंकला आणि तरीही गोलफरकाच्या हिशेबात ते तिसऱ्या श्रेणीत गेले. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब एवढा खाली जाण्याची ती पहिलीच वेळ. टोनी मोब्रे यांनी पुढच्याच वर्षी संघ दुसऱ्या श्रेणीत परत आणला. मालकांनी मोब्रेंना पाच वर्षं शांतपणे काम करू दिलं, आणि याच काळात क्लबला श्वास घेता आला, हे त्यांच्या बाजूनं नोंदवलंच पाहिजे.

त्यांच्या बाजूनं आणखी एक गोष्ट आहे आणि ती मोठी आहे. वेंकीजने पैसा काढून नेला नाही, ओतला. या वर्षांत त्यांनी क्लबमध्ये घातलेली रक्कम २० कोटी पौंडांच्या वर गेल्याचं सांगितलं जातं. जवळच्याच बरी या क्लबकडे पाहा. १८८५पासूनचा क्लब, नवा मालक तो एका पौंडाला घेतो, देणी थकतात, आणि ऑगस्ट २०१९मध्ये फुटबॉल लीग त्याला काढून टाकते. ब्लॅकबर्न त्या वाटेने गेलं नाही, कारण दर वर्षीची तूट पुण्याहून भरली गेली. याबद्दल समर्थकांतले जाणते लोकही वेंकीजना दोष देत नाहीत. पण वॉकर यांनीही पैसाच घातला होता, आणि त्यांनी केनी डॅलग्लिशना क्लब चालवू दिला, स्वतः सामने पाहायला येत राहिले. पैशाइतकीच ही उपस्थिती क्लबला हवी असते. दुरून, सल्लागारांमार्फत, पत्रांना उत्तर न देता क्लब चालवला, तर तीच रक्कम वाया जाते. इतक्या कोटींच्या खर्चातून राव कुटुंबाला मिळाली ती नाराजी, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

इंग्लंडमध्ये या आणि अशा दहा-वीस क्लबांच्या कहाण्यांचा परिणाम कायद्यापर्यंत पोचला. माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांच्या समितीने २०२१मध्ये अहवाल दिला, आणि जुलै २०२५मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा मंजूर होऊन स्वतंत्र नियामक अस्तित्वात आला. मालकाची पात्रता तपासणं आणि महत्त्वाच्या बाबतींत समर्थकांशी चर्चा करायला क्लबला भाग पाडणं हे त्याच्या कामात आहे. ब्लॅकबर्नच्या लोकांनी २०११मध्ये फलकांवर जे लिहिलं होतं, त्यातलं बरंच आता कायद्यात आलं आहे.

वेंकीज अजून मालक आहेत. अलीकडच्या वर्षांत भारतातून क्लबला पैसे पाठवण्यासाठी त्यांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली, आणि याच काळात अकादमीतून वर आलेला ॲडम व्हार्टन २०२४मध्ये क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. फेब्रुवारी २०२५मध्ये संघ पाचव्या क्रमांकावर, प्रीमियर लीगच्या दारात असताना मॅनेजर जॉन युस्टेस क्लब सोडून डर्बीला गेले. डर्बी त्या वेळी तळाशी, खालच्या श्रेणीत जाण्याच्या भीतीत होतं. मोसमअखेर रोव्हर्स सातवे आले. प्रीमियर लीगच्या दारावरचे शेवटचे सामने खेळायला तेव्हा किमान सहावा क्रमांक लागत होता. दोन गुण कमी पडले.